ताईची शिल्लक मतं

माझी ताई कवळ्या बनवते. असं सांगितलं की लोक आधी तिच्या दातांकडे बघतात. तिचे दात स्वतःचे आहेत आणि जरा पुढे आहेत, त्यामुळे बघणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो.

दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे ती बसते. खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे उघडते. एका टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत असतात, दुसऱ्यावर गॅसची बारीक ज्योत, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि बोथट सुरी. पुढे डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेतात, ते मागे येतं. ताई त्यात प्लास्टर ओतते, जबडा तयार झाला की त्यावर मेणाची हिरडी चढवते आणि एकेक दात लावत जाते. माणसाने ती मेणाची कवळी घालून बघितली, जरा हसून बघितलं, की मग मेणाच्या जागी पक्की हिरडी येते. सगळ्यात शेवटी मोटारीवर घासून तकाकी. मोटार चालू असली की कोणी कोणाशी बोलू शकत नाही. ताईला दिवसातला तोच वेळ सगळ्यात आवडतो.

स्वभावाने ती फार चांगली आहे, पण एक खोड आहे. काहीही वाया गेलेलं तिला बघवत नाही. फुकट डोळे तपासायचं कुपन आलं म्हणून ती चांगले डोळे तपासून आली. दोनावर एक फुकट म्हणून तिने आणलेले झाडू अजून माझ्या घरी आहेत. भावोजी म्हणतात, "हिला कोणी फुकट उपदेश केला तरी ही पिशवी पुढे करेल." भावोजी बेकरीची गाडी चालवतात. पहाटे पाव भरून निघतात आणि दुपारी घरी येऊन झोपतात, त्यामुळे त्यांच्या घरात बोलणं कमी आणि चिठ्ठ्या जास्त. म्हणूनच असेल, ताईला बोलायला कोणीतरी हवं होतं. ते तिला कोडेघरात मिळालं.

कोडेघर ही फोनवरची जागा. घर म्हणायचं, पण दार ना खिडकी. कोडी घालणारे आणि सोडवणारे दोन-अडीचशे लोक तिथे जमतात. खरी नावं कोणी सांगत नाही. ताईने नाव घेतलं 'दंतकथा', आणि त्या नावावरच तिला पहिल्या दिवशी सगळ्यांनी आत घेतलं. एकदा कोणीतरी विचारलं होतं, पोट न भरता काय काय खाता येतं? त्यावर आठवडाभर उत्तरं येत होती. मार, भाव, हवा, शपथ, डोकं, खस्ता, गटांगळ्या. ताई कवळीला पॉलिश करता करता एकटीच हसायची. डॉक्टरीणबाई दारातून डोकावून बघायच्या आणि परत जायच्या.

मीही तिथे आहे, पण नावापुरती. वाचते, हसते, निघून जाते.

कोडेघराचा नियम असा होता, की प्रत्येकाला रोज तीन मतं. आवडलेल्या कोड्याला द्यायची. सकाळी सहाला नवीन तीन मिळायची आणि कालची उरलेली रद्द व्हायची. आदल्या दिवशीची कोडीही त्याच वेळी मतांसाठी बंद व्हायची. ज्याला जास्त मतं ते आठवडाभर वर झळकायचं. कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसायचं.

रोज तीन गोष्टी फुकट मिळतात आणि वापरल्या नाहीत तर सकाळी नाहीशा होतात, हे ताईच्या डोक्याला पुरेसं होतं. तिने कधी एक मत वाया जाऊ दिलं नाही. बस थांब्यावर, दुधाच्या रांगेत, प्लास्टर घट्ट होईपर्यंतच्या वेळात, ती मतं उरकायची. चांगलं कोडं नसेल तर बऱ्यातल्या बऱ्याला, तेही नसेल तर ज्याला कोणीच दिलं नाही त्या बिचाऱ्याला. मी एकदा म्हटलं, "अगं, आवडलं नसेल तर नको देऊ." ती म्हणाली, "आणि मग त्याचं काय करू? लोणचं घालू?"

यातलं एक मत मात्र ठरलेलं असायचं, टपालकाकांचं. हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. जवळजवळ रोज एक कोडं टाकायचे, काही सुरेख, काही अगदीच वेळ मारून नेलेली. ताई उठल्या उठल्या त्यांना मत द्यायची. ते खाली एकच शब्द लिहायचे, 'पोच.' मग तिचं कोडं आलं की ते द्यायचे आणि ही लिहायची, 'पोच.' दोघं कधी भेटले नव्हते. पण त्यांचं 'पोच' आलं नाही तर ताईचा चहा निवून जायचा.

अशी दोन-तीन वर्षं सुरळीत गेली. मग भावोजींचं पोट दुखायला लागलं.

त्यांनी ठरवून टाकलं की गॅस झालाय. जगातल्या निम्म्या पुरुषांना आपल्या पोटात फक्त गॅसच होऊ शकतो असं वाटतं. चार दिवस गोळ्या खाऊन गाडी चालवली. पाचव्या दिवशी पावाचे ट्रे उतरवता उतरवता बेकरीच्या दारात खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात कळलं की अपेंडिक्स फुटलंय आणि पू पोटभर पसरलाय. लगेच ऑपरेशन झालं. ते ठीक झालं, पण ताप उतरेना. सर्जन रोज येऊन कागद बघायचे आणि "बघू" म्हणायचे. त्या "बघू"ने ताई आतून पोखरली गेली. मी डबा घेऊन जायचे तर ती वॉर्डाबाहेरच्या खुर्चीत ताठ बसलेली असायची, पर्स मांडीवर, जणू आत्ता कोणी नाव पुकारणार आहे. फोन पर्समध्ये बंद पडलेला. तो चार्ज करायचंही तिला सुचलं नव्हतं.

दुसरा आठवडा सरत आला तेव्हा एका दुपारी भावोजींनी डोळे उघडले आणि इथला चहा म्हणजे कोमट पाण्याला बसलेला धक्का आहे असं नर्सला सांगितलं. ताईने त्यांच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या, मग परत त्यांच्या. ताप नव्हता. ती बाहेर आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "चहाला नावं ठेवली त्यांनी." मग पदराने तोंड झाकून बराच वेळ रडली. मी रडू दिलं. असं रडणं मधेच थांबवू नये.

भावोजी घरी आल्यावर तिने फोन चार्ज केला आणि कोडेघर उघडलं. टपालकाकांचं शेवटचं कोडं तिच्या गैरहजेरीच्या पहिल्याच दिवशीचं होतं:

'लागते पण जखम नाही, मोडते पण तुकडे नाहीत, उडते पण पंख नाहीत.'

उत्तर तिला एका क्षणात आलं. झोप. दोन आठवडे लागली नव्हती, लागली तर मोडत होती, आणि मोडली की उडून जात होती. मग तिने खाली बघितलं. कोड्याला अवघी चार मतं. त्या दिवशी कोणीतरी मांजरीचं गमतीदार कोडं टाकलं होतं, सगळे तिकडे पळाले होते. आणि त्यानंतर टपालकाकांचं एकही कोडं नाही. एक अक्षर नाही.

"रागावले ते," ताई म्हणाली.

"चार मतांसाठी कोणी रागावतं का?"

"चारासाठी नाही. माझ्या एकासाठी. रोज दिलं आणि नेमकं सगळ्यात चांगल्याला नाही दिलं. माणसाला काय वाटेल?"

मी म्हटलं, तुझा नवरा दवाखान्यात होता. ती म्हणाली, ते त्यांना कुठे माहीत आहे. आणि मग तिच्या डोक्यात ते आलं. तिची दोन आठवड्यांची मतं गेली कुठे? तिने वापरली नाहीत, कोणाला दिली नाहीत, तरी गेली. ती साठून राहिली असती तर आज सगळ्यांचं देणं फिटलं असतं.

तिने कोडेघराच्या चावडीवर, म्हणजे जिथे नियमांबद्दल बोलायचं तिथे, आयुष्यातलं सगळ्यात लांब लिखाण केलं. कामावरची रजा उरली तर पुढच्या वर्षी धरतात. मग मतं का धरत नाहीत? माणूस आजारी पडतो, कोणाच्या घरी अडचण असते. त्याने काय रोज सकाळी हिशेब मिटवायचा? न वापरलेली मतं दुसऱ्या दिवशी पुढे चालू द्यावीत.

चावडीवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. एक परिचारिका होती, तिने लिहिलं की आठवड्यातून एकदाच तिला फोन बघायला वेळ मिळतो, तर तिची बाकीची मतं का बुडवायची? त्यावर 'तिरकस' आला. हे टोपणनाव त्याने स्वतःच घेतलेलं होतं, पण दुसऱ्या कोणी दिलं असतं तरी तेच दिलं असतं. त्याने लिहिलं, "मत म्हणजे दाद. गाणारा घरी जाऊन जेवून झोपला आणि मग तुम्ही टाळ्या वाजवणार. शिळी दाद कोणाला हवी आहे?"

परिचारिकेने उत्तर दिलं, "उपाशी झोपण्यापेक्षा शिळं बरं."

यावर दोन्हीकडून जे सुरू झालं ते आठवडाभर चाललं. कोणी म्हणे, साठवू दिलं तर लोक कंजूष होतील. कोणी म्हणे, आत्ता लोक उधळे आहेत ते चालतं का? एकाने ताईला "दंतकथाबाई, दात दाखवू नका" असं लिहिलं, त्यावर ताई दोन दिवस खट्टू होती. मी म्हटलं, दुर्लक्ष कर. ती म्हणाली, "दुर्लक्षच करतेय. रोज पाच-सहा वेळा उघडून दुर्लक्ष करतेय."

शेवटी किल्लीबाई मधे पडल्या. कोडेघर त्यांनीच सुरू केलेलं, सगळ्या चाव्या त्यांच्याकडे. दिवसा त्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारी ऐकतात, त्यामुळे भांडणाने त्यांचं रक्त आटत नाही. त्यांनी लिहिलं, "वाद पुरे. महिनाभर करून बघू. मागच्या महिनाभराची उरलेलीही धरते, म्हणजे ज्यांच्यासाठी हे काढलं त्यांना उपयोग होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या फोनवर वर कोपऱ्यात 'शिल्लक' असं लिहून मोठा आकडा आला. ती चहाचं आधण ठेवून तशीच टपालकाकांच्या कोड्यावर गेली. बोट ठेवलं. काही झालं नाही. परत ठेवलं. मताची खूण करडी पडली होती. कोडं बंद होतं. मतं साठली होती, पण जुनी कोडी त्या-त्या दिवशीच मिटली होती. एवढा गदारोळ करून मिळवलेली मतं तिला फक्त आजच्या आणि उद्याच्या कोड्यांना देता येणार होती, ज्यांचं ती काहीही देणं लागत नव्हती.

तिने मला फोन केला. "अगं, छत्री मिळाली आणि पाऊस कालच पडून गेला."

"मग सांग ना तसं चावडीवर."

"आता कुठल्या तोंडाने सांगू? आठवडाभर लोकांना भांडायला लावलं."

म्हणून ती गप्प बसली, आणि महिना सुरू झाला.

पहिले काही दिवस सगळे खुशीत होते. मग हळूहळू कोडेघर थंड पडायला लागलं. पूर्वी साध्या कोड्यालाही पाच-दहा मतं मिळायची. आता लोक वाचायचे, "छान" लिहायचे आणि मत हातात ठेवायचे. न जाणो, उद्या याहून चांगलं आलं तर? परवा आलं तर? एका नव्या मुलीने पहिलंच कोडं घातलं, 'नवी असते तेव्हा चावते, जुनी झाली की गप्प बसते.' चप्पल. चांगलं होतं. त्याला एकही मत मिळालं नाही. त्याच आठवड्यात एकाने साठवलेली सगळी मतं आपल्या मेहुण्याच्या सुमार कोड्यावर ओतली आणि ते वर जाऊन बसलं. मग दुसऱ्याने चिडून आपली सगळी भलत्याच कोड्यावर ओतली, केवळ मेहुण्याला खाली पाडायला. कोडी बाजूलाच राहिली.

ताईची अवस्था तर आणखी वाईट. नव्या मुलीच्या त्या कोड्याला तिने मत द्यायला बोट उचललं होतं, पण मनात आलं, ही साठवलेली मतं टपालकाकांसाठी आहेत. ते परत आले की त्यांना द्यायची. बोट खाली आलं. टपालकाका आले नाहीत. आकडा रोज तीनाने वाढत राहिला. पूर्वी ती मतं उरकायची आणि दिवस सुटायचा, आता सुटका नव्हती. मोरीत खरकटी भांडी साठत जावीत तसं तिला व्हायचं. जेवताना फोन उलटा ठेवायची. कामावर एका आजोबांच्या कवळीत तिने दोन सुळे उलटसुलट लावले. मेणातच लक्षात आलं म्हणून निभावलं, पण असं तिच्याकडून कधी होत नाही.

भावोजी अजून घरीच होते, पोटावर उशी धरून हळूहळू चालायचे. त्यांनी एकदा तिचा फोन हातात घेतला, आकडा बघितला आणि म्हणाले, "एवढी मतं आहेत तर निवडणुकीला उभी राहा."

"तुम्ही गप्प बसा."

"मग त्या काकांना सरळ विचार ना. माणूस आहे, देव नाही. विचारलं तर उत्तर देईल."

बारा-पंधरा वर्षांच्या संसारात भावोजींचं म्हणणं तिने फारसं ऐकलेलं नाही, पण ते ऐकलं. तिने टपालकाकांना खाजगी निरोप लिहिला. घरी आजारपण होतं, म्हणून तुमच्या कोड्याला मत देता आलं नाही, मनात काही ठेवू नका. खाली फोन नंबर दिला. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, "अनोळखी माणसाला नंबर दिला. मी चुकले का?" मी म्हटलं, टपाल खात्यातल्या माणसाला पत्ता द्यायला घाबरायचं नसतं.

चार-पाच दिवस उत्तर नाही. ताईने मनाशी ठरवून टाकलं, संपलं.

मग एका दुपारी ती प्लास्टर कालवत असताना फोन वाजला. हात पांढरे, म्हणून तिने कोपराने फोन घेतला आणि स्पीकर लावला. मी नेमकी तिच्या खोलीत होते, माझी दाढ दुखत होती म्हणून डॉक्टरीणबाईंकडे आले होते. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"दंतकथाबाई का?" आवाज जाडसर, मजेत असलेला.

ताई उभीच राहिली. "हो. आपण?"

"मी टपालकाका. पत्राला उशीर झाला, माफ करा. खात्याची सवय."

"काका, तुम्ही रागावला नाहीत ना?"

"कशाबद्दल?"

"मी तुमच्या कोड्याला मत दिलं नाही. ते झोपेचं."

"अहो, मी ते कोडं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. मग त्यात जरा सूज आली. फोन बघायचा नाही, टीव्ही बघायचा नाही. सून म्हणते भिंतीकडे बघा. काल नातीने तुमचा निरोप वाचून दाखवला. घरी कोण आजारी होतं?"

"आमचे हे. आता बरे आहेत."

"मग झालं तर."

ताईने डोळे मिटले. तिच्या हातातलं प्लास्टर वाटीत घट्ट होत होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. "म्हणजे मतांमुळे तुम्ही..."

"आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो," काका म्हणाले. "त्या दिवशी संध्याकाळी मी बघितलं होतं. तुमचं मत नव्हतं. खरं सांगू? बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"अहो, तुम्ही मला रोज मत देता. मी रद्दड कोडं टाकलं तरी देता. मागे मी ते खुर्चीचं टाकलं होतं, ते तर माझ्या बायकोनेसुद्धा ऐकून घेतलं नाही. त्यालाही तुमचं मत. मला कळेना, बाई वाचतात की नुसता शिक्का मारतात. त्या दिवशी दिसलं नाही तेव्हा म्हटलं, चला, हे आवडलं नाही वाटतं. म्हणजे आधीची आवडली असणार."

ताईने वाटी खाली ठेवली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तिला स्टुलावर बसावं लागलं. पलीकडे काका "हॅलो, हॅलो" करत होते. मी फोनजवळ जाऊन सांगितलं, "हसतायत त्या. जरा थांबा."

"हसू द्या," काका म्हणाले. "मला घाई नाही. भिंतच बघायची आहे."

हसू ओसरल्यावर तिने त्यांना शिल्लक मतांचं सगळं रामायण सांगितलं. काकांना काहीच माहीत नव्हतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मी रोज एकच मत देतो. कधी तेही नाही. उरलेली कुठे जातात ते मी कधी बघितलं नाही. पण बाई, कोडं एवढ्या लवकर बंद का करतात, हे मला कळत नाही. पत्र उशिरा पोचलं तरी माणूस उघडतोच की."

फोन ठेवला तेव्हा वाटीतलं प्लास्टर दगड झालं होतं. ताईने ते ठोकून काढलं, कचऱ्यात टाकलं आणि नवीन कालवायला घेतलं. वाया गेलेल्या वस्तूबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. माझी दाढही त्या गडबडीत दुखायची थांबली होती. डॉक्टरीणबाईंनी ती तरीही काढली.

घरी जाऊन ताईने चावडीवर लिहिलं. या वेळी लांब नाही. मतं साठवायची मागणी मी केली होती, ती मीच परत घेते. मला हवं होतं ते वेगळंच होतं. मतं रोजची रोज जाऊ देत, पण कोडं दोन महिने उघडं राहू द्या. उशिरा येणाऱ्याला आजचं मत जुन्या कोड्याला देता यावं. झाल्या त्रासाबद्दल सगळ्यांची क्षमा मागते.

पाठवलं आणि फोन कपाटात ठेवून ती भावोजींची शर्टं इस्त्री करत बसली. आता तिरकस काय लिहील या विचाराने तिने एकच बाही तीनदा इस्त्री केली. संध्याकाळी मीच जाऊन कपाट उघडलं आणि तिला वाचून दाखवलं.

तिरकसने लिहिलं होतं, "मी या नियमाच्या विरोधात होतो. तरी कोडेघरात सगळ्यात जास्त मतं माझ्याकडे साठली आहेत, कारण एकही कोडं माझ्या मतांच्या लायकीचं वाटेना. गेले तीन आठवडे मी एकालाही दाद दिलेली नाही. घ्या ती परत, किल्लीबाई. उपकार होतील."

त्याच्याखाली रांग लागली होती. परिचारिकेने लिहिलं होतं की जुनं कोडं उघडं राहणार असेल तर तिला आठवड्याला तीन मतं भरपूर झाली. मेहुण्यावाल्याने मेहुण्यासकट क्षमा मागितली होती. ताईला कोणी एक शब्द वावगा बोललं नव्हतं. जणू सगळ्यांच्याच मानेवर तो आकडा बसला होता आणि कोणीतरी आधी बोलावं म्हणून सगळे थांबले होते.

"अजून वाच," ताई म्हणाली.

"संपलं."

"मग परत वरून वाच."

किल्लीबाईंनी दोन दिवसांत ते करून टाकलं. कोपऱ्यातला 'शिल्लक' शब्द गेला, प्रत्येकापुढे पूर्वीसारखे तीन आले, आणि दोन महिन्यांतली सगळी कोडी उघडली. ताई फोन घेऊन गच्चीच्या पायरीवर बसली. आधी झोपेचं कोडं परत वाचलं, मत द्यायचं म्हणून नाही, आवडतं का ते बघायला. मग मत दिलं. चपलेच्या कोड्यालाही एक दिलं, आणि त्या नव्या मुलीला लिहिलं की तुझं हे कोडं माझ्या पायांना पटलं. तिसऱ्यासाठी तिने थोडा वेळ शोधलं, काही सापडलं नाही, तेव्हा फोन बाजूला ठेवून ती वाळलेले कपडे काढायला उठली. मला ते सगळ्यात मोठं वाटलं, पण मी बोलले नाही. बोललं की तिला लक्षात येतं आणि मग बिघडतं.

घरी आल्याला सहा आठवडे झाल्यावर सर्जनने भावोजींना कामावर जायला परवानगी दिली. टाका सुकला होता, वजन भरून आलं होतं. जड उचलायचं नाही, एवढं सांगितलं, तेव्हा ट्रे उचलायला बेकरीवाल्याने एक माणूस दिला. कामावर जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. घरी बसून बसून भावोजींनाही कोडेघराचा नाद लागला होता. त्यांनी स्वतःचं नाव घेतलं होतं, 'पाव किलो'. त्या दिवशी त्यांनी पहिलं कोडं टाकलं होतं आणि जेवणभर ताईने उघडून बघावं म्हणून वाट बघत होते.

शेवटी तिने हात धुवून वाचलं. 'काळं असतं, गोल असतं, रस्त्यावर फिरतं.'

"चाक," ती म्हणाली.

"बरोबर. ओळखलंस."

"अहो, हे कोडं नाही. ही माहिती आहे."

"एक मत दे की. तिन्ही आहेत तुझ्याकडे, मी बघितलं."

"आहेत. असू देत."

भावोजींनी माझ्याकडे न्याय मागितला. मी ताटातला शेवटचा घास तोंडात कोंबला, म्हणजे बोलावं लागणार नाही. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून, ताटं विसळणाऱ्या ताईला कोडं कसं सुधारायचं ते विचारत होते, आणि ती सांगत होती की आधी चाक म्हणजे काय ते विसरा, मग चाकाकडे बघा. दोघांचं एवढं लांब बोलणं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मी चप्पल घातली आणि दार हळूच ओढून घेतलं.